मुका मार, साकळलेले रक्त आणि आंबेहळदीचा लेप

कोकणात पहिला पाऊस पडून गेला, की काही दिवसांतच पाखाड्यांवर शेवाळ धरते. जांभ्या दगडाच्या त्या पायऱ्यांवरून कुणाचा तरी पाय घसरतो आणि मांडी किंवा कंबर आपटते. त्याआधी आंब्याच्या हंगामात फांदीवरून, नारळ पाडताना माडावरून, चिरेखाणीत किंवा मिरकरवाडा बंदरात होडीच्या फळ्यांवर मार लागण्याचे प्रसंग घडतच असतात. कातडी फाटलेली नसते, रक्त वाहत नसते. पण दुसऱ्या दिवशी तो भाग सुजतो, काळानिळा पडतो आणि हात लावू देत नाही. घरातील वडीलधारे माणूस पाहते आणि निदान करून मोकळे होते : 'मुका मार आहे, रक्त साकळलंय.' मग सहाणेवर आंबेहळद उगाळली जाते, तीत तुरटी किंवा बोळ मिसळला जातो आणि कोमट लेप दुखऱ्या जागेवर चढतो.

रत्नागिरीच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे निदान आणि हा उपचार केवळ कोकणाचा नाही. हजारो मैलांवरच्या चीनमध्येही परंपरागत वैद्यकाने वेदनेचे एक मोठे कारण म्हणून साकळलेल्या रक्ताकडेच बोट दाखवले आहे. त्यावर तेथे जी औषधे योजली जातात, त्यांतील कित्येक द्रव्ये आपल्या किराणा दुकानातील डब्यांत बसलेल्या द्रव्यांची सख्खी वा चुलत भावंडे आहेत. दोन दूरच्या परंपरा एकाच निष्कर्षाला आल्या, ही गोष्ट कुतूहलाची खरीच. परंतु 'रक्त साकळले' या दोन शब्दांत शरीरातील अगदी वेगवेगळ्या घटना सामावलेल्या असतात. त्यांतील एका घटनेत लेप पुरेसा असतो, तर दुसऱ्या एखाद्या घटनेत लेप लावून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. हा फरक समजून घेणे, हाच या विषयाचा खरा गाभा आहे.

चार द्रव्यांची गुटी

चिनी वैद्यकाच्या मते शरीरात चैतन्य आणि रक्त हे अखंड वाहत असतात. जेथे वाट अडते, तेथे दुखते. वाट मोकळी झाली, की दुखणे थांबते. साकळलेल्या रक्ताची वेदना ओळखण्याच्या खुणाही तेथील ग्रंथांनी दिल्या आहेत. ती एकाच जागी ठाम बसलेली असते, टोचल्यासारखी असते, रात्री वाढते आणि दाबलेले तिला सोसत नाही. जिभेवरची जांभळट छटा हीदेखील एक खूण मानली जाते.

या विचाराला एकोणिसाव्या शतकात मोठे बळ दिले ते वांग छिंग-रेन या वैद्याने. त्यांचा काळ १७६८ ते १८३१. जुन्या ग्रंथांतील शरीररचनेची वर्णने त्यांना पटेनात. म्हणून साथीत दगावलेल्या मुलांची उघड्यावर टाकलेली प्रेते त्यांनी जवळून न्याहाळली आणि १८३० मध्ये पूर्वसूरींच्या चुका दुरुस्त करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची काही शरीरविषयक अनुमाने पुढे चुकीची ठरली. पण साकळलेले रक्त हलवण्यासाठी त्यांनी बांधलेले काढे चीनमध्ये आजही दिले जातात. छातीच्या दुखण्यासाठी एक, पोटासाठी दुसरा, ओटीपोटासाठी तिसरा, अंगदुखीसाठी चौथा, अशी त्यांची विभागणी आहे.

त्यांच्यानंतर आलेल्या चांग शी-छुन (१८६०-१९३३) यांनी याच दुखण्यासाठी चार द्रव्यांची एक सुटसुटीत योजना सांगितली. 'हुओ लुओ श्याओ लिंग दान' हे तिचे नाव. 'बारीक वाहिन्यांना जाग आणणारी गुणकारी गुटी' असा त्याचा ढोबळ अर्थ. तांग-क्वेइ, तान-शेन, ऊद आणि बोळ ही चार द्रव्ये तीत समभाग घ्यावयाची असतात. पाय दुखत असेल, तर आणखी एक मुळी घालावी, असे चांग सांगतात. ती मुळी आपल्या बांधावर उगवणाऱ्या आघाड्याच्या जवळच्या नात्यातील वनस्पतीची आहे. चांग हे पाश्चात्त्य वैद्यकाशी हातमिळवणी करू पाहणारे होते. ॲस्पिरिनची गोळी चिनी काढ्याबरोबर देण्याचा प्रयोग त्यांच्या नावावर आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आज हृदयरुग्णांना तीच ॲस्पिरिन अल्प मात्रेत दिली जाते.

नाते किराणा दुकानातले

या चार द्रव्यांपैकी दोन मुळात चीनची नाहीतच. ऊद आणि बोळ हे अरबस्तान व सोमालियाच्या कोरड्या डोंगरांवरील झाडांचे डिंक. समुद्रमार्गे ते पूर्वेकडे जात. दाभोळसारखी कोकणातील बंदरे अरबस्तानाशी व तांबड्या समुद्राशी व्यापार करीत होती, त्या काळापासून असले सुगंधी डिंक या किनाऱ्याला अपरिचित नाहीत. बोळाला मराठीत 'बाळंतबोळ' म्हणतात, यातच त्याचा घरगुती उपयोग सांगितला आहे. बाळंतिणीला तो देण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे, आणि चिनी वैद्यकही बोळाला रक्त हलवणारे द्रव्य मानते. उदाच्या झाडाचा भारतीय भाऊ म्हणजे विदर्भाच्या जंगलातील सालई, आयुर्वेदातील शल्लकी. बोळाचा भारतीय भाऊ म्हणजे गुग्गुळ.

हळदीची गोष्टही अशीच. आपली हळद आणि कचोऱ्याच्या जातीचे कंद हे दोन्ही चिनी औषधकोशात रक्त हलवणाऱ्या द्रव्यांच्या गटात बसवलेले आहेत. मुक्या मारावर आंबेहळद लावणारी कोकणातील आजी आणि याच कुळातील कंद काढ्यात घालणारा चिनी वैद्य यांची गाठ कधी पडली नाही. पण दोघांचा हात एकाच कंदाकडे गेला.

औषधांची देवाणघेवाण प्रत्यक्ष घडल्याचा दाखलाही याच किनाऱ्यावर सापडतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हळद, ऊद आणि बोळ यांच्याबरोबर चिनी मुळीचीही चर्चा केली आहे. हीच आपली चोपचिनी. फिरंग रोगावरील औषध म्हणून ती चीनमधून जहाजांनी आली आणि सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या आयुर्वेदीय ग्रंथात 'द्वीपांतर वचा' या नावाने दाखल झाली.

आयुर्वेदाची मांडणी मात्र थोडी वेगळी आहे. तेथे वेदनेचा मुख्य धनी वात. मार लागल्याने वाताची वाट अडते आणि रक्तही दूषित होते, असे ते शास्त्र मानते. मोडलेल्या हाडासाठी सांगितलेल्या लाक्षादि गुग्गुळात लाख, हाडसांधी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ ही द्रव्ये येतात. साकळलेले रक्त बाहेर काढण्यासाठी सुश्रुतांनी जळवा लावण्याचा स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. चिनी वैद्य जळू वाळवून पोटात देतात, आपल्याकडे ती जिवंत लावली जाते. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, हे १८८४ मध्ये प्रयोगाने दिसून आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारासाठी जळवांना मान्यता दिली.

कातडीखाली काय घडते?

मुका मार लागतो, तेव्हा कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात. त्यांतून निसटलेले रक्त आजूबाजूच्या पेशीजालात पसरते आणि तेथेच थांबते. सूज आल्याने मज्जातंतूंच्या टोकांवर ताण पडतो, शिवाय दाहकारक रसायने तयार होतात. दुखते ते यामुळे. शरीर लगेच सफाईला लागते. रक्तातील तांबड्या रंगद्रव्याचे विघटन होत जाते आणि त्याबरोबर डागाचा रंग बदलतो. आधी लालसर, मग जांभळा-निळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, नंतर पिवळट आणि अखेरीस नाहीसा. साधारण दोन आठवड्यांत हा प्रवास पूर्ण होतो. लेप लावला तरी आणि न लावला तरी तो होतोच. म्हणूनच प्रत्येक लेप गुणकारी वाटतो.

याचा अर्थ लेप निरुपयोगी आहे, असा नव्हे. हळदीतील पिवळे द्रव्य दाह कमी करते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. तुरटी आकुंचन घडवते. लेप वाळला, की अवयव आपोआप स्थिर राहतो, आणि विश्रांती हे तर मुक्या माराचे पहिले औषध. अडचण आहे ती वेळेची. पहिल्या दोन दिवसांत गरम लेप किंवा शेक दिल्यास फुटलेल्या वाहिन्यांतून अधिक रक्त झिरपू शकते. त्या काळात कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवणे आणि अवयव उंचावर ठेवणे योग्य. कोमट लेपाची पाळी त्यानंतर. फाटलेल्या कातडीवर लेप लावू नये आणि मार लागलेली जागा चोळू नये. विशेषतः कोपराच्या दुखापतीनंतर जोरात चोळल्यास स्नायूंमध्ये हाड धरू लागते आणि सांधा कायमचा आखडतो. बिब्ब्याचा चटका देण्याची प्रथा तर सोडलेलीच बरी. बिब्बा उतला, तर मूळ दुखणे बाजूला राहते आणि फोडांवर उपचार करण्याची वेळ येते.

पोटात घ्यावयाच्या औषधांचे काय? चिनी गुटीतील उदाचा भाऊ असलेल्या सालईच्या डिंकाचा अर्क गुडघ्याच्या झिजेवर काही प्रमाणात उपयोगी पडतो, असे चाचण्यांत आढळले आहे. त्यांतील सुरुवातीची एक चाचणी नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तीस रुग्णांवर झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे २०१४ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातही थोडा पण खरा आराम पडतो, असेच आढळले. मात्र गुडघ्याची झीज वेगळी आणि मुका मार वेगळा. रक्त हलवणाऱ्या चिनी काढ्यांवर चीनमध्ये असंख्य चाचण्या झाल्या असल्या, तरी त्यांतील बहुतेक लहान आणि सदोष पद्धतीच्या असल्याने त्यांवर भरवसा ठेवणे अवघड आहे.

एक नाव, पाच आजार

घरगुती भाषेतील 'साकळलेले रक्त' वैद्यकीय भाषेत उलगडले, तर निदान पाच चित्रे समोर येतात.

पहिले चित्र साध्या मुक्या माराचे. दुखणे रोज थोडे कमी होते, डाग रंग बदलतो, अवयव हलवता येतो. लेपाचे खरे क्षेत्र ते हेच.

दुसरे चित्र पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे. अपघातानंतर, शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यावर एकाच पायाची पोटरी सुजते, गरम लागते आणि ठणकते. येथे रक्त खरोखरच शिरेच्या आत साकळलेले असते. अशी पोटरी तेल लावून चोळली, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा आणि क्षणात श्वास कोंडण्याचा धोका असतो.

तिसरे चित्र हातापायाच्या स्नायूंच्या कप्प्यात रक्त व सूज कोंडण्याचे. चिऱ्याखाली पाय चिरडला किंवा नडगीचे हाड मोडले, की हा धोका संभवतो. भाग दगडासारखा घट्ट होतो, माराच्या मानाने वेदना फारच जास्त असते, बोटे ताणली की कळ मस्तकात जाते आणि हळूहळू बधिरता येते. अशा वेळी काही तासांतच शस्त्रक्रियेने दाब मोकळा करावा लागतो. उशीर झाल्यास स्नायू मरतो. वरून घट्ट बांधलेली पट्टी या दाबात भरच घालते.

चौथे चित्र डोक्यात किंवा पोटात होणाऱ्या रक्तस्रावाचे. माडावरून पडलेला माणूस उठून बसतो, चहा पितो आणि सगळ्यांना हायसे वाटते. परंतु नंतर वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसू लागला, तर कवटीच्या आत रक्त साठत असण्याची शक्यता असते. वृद्धांमध्ये ही लक्षणे कित्येक दिवसांनी, प्रसंगी काही आठवड्यांनीही प्रकटतात. पोटाच्या डाव्या बाजूला मार लागून प्लीहा फाटली असेल, तर बाहेर डागही नसतो. पोट दुखते, डावा खांदा दुखतो आणि माणूस पांढरा पडत जातो.

पाचवे चित्र मार न लागता उमटणाऱ्या डागांचे. डेंग्यूत रक्तकणिका घटल्या, यकृत बिघडले किंवा रक्ताचा आजार असला, तर असे डाग दिसतात. रत्नागिरीत याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे फुरसे. कातळावर, गवतात, दगडांच्या खाचांत राहणारा हा लहानसा साप चावला, तर काटा टोचल्यासारखेच वाटते. जागा सुजते, काळवंडते आणि रक्त साकळल्याचा भास होतो. वास्तविक घडत असते ते नेमके उलटे. फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच संपते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. डॉक्टर रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे हलवता ठेवत नाहीत. तेवढ्या वेळात ते गोठले नाही, तर विष भिनले आहे, असे समजून सर्पविषावरील लस दिली जाते. भारतात बनणारी ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. अशा रुग्णाला रक्त 'पातळ' करणारा कुठलाही काढा म्हणजे आगीत तेल.

गोळ्या आणि काढे एकत्र नकोत

या विषयाला आज एक नवी बाजू जोडली गेली आहे. हृदयाची झडप बदललेले, अँजिओप्लास्टी झालेले किंवा पक्षाघातातून सावरलेले अनेक ज्येष्ठ नागरिक गावोगावी आहेत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन कायमची सुरू असते. अशा माणसाला किरकोळ धक्क्यानेही मोठा डाग पडतो. त्यावर 'रक्त साकळले' म्हणून आणखी रक्त हलवणारे औषध पोटात दिले, तर अंतर्गत रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिनी गुटीतील तान-शेन आणि तांग-क्वेइ या दोन्ही मुळ्यांनी वॉरफरिनचा परिणाम धोकादायकरीत्या वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमटीतील हळदीने काही बिघडत नाही. परंतु हळदीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूल, गुग्गुळ किंवा बोळ घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. त्याचप्रमाणे लेप लावला म्हणून सुरू असलेली गोळी स्वतःहून बंद करणेही तितकेच घातक. गर्भवतींनी तर रक्त हलवणारी कोणतीही द्रव्ये पोटात घेऊ नयेत, यावर चिनी आणि भारतीय अशा दोन्ही परंपरांचे एकमत आहे.

नावांचा घोळ हा आणखी एक धोका. आपल्या बाजारात बाळंतबोळ, रक्त्याबोळ आणि काळाबोळ अशी नावे एकमेकांत मिसळतात. त्यातला काळाबोळ हा मुळी बोळच नव्हे, तो कोरफडीचा वाळवलेला रस असतो आणि पोटात गेल्यास तीव्र रेचक ठरतो. अशा घोळाची किंमत किती मोठी असू शकते, हे बेल्जियमने अनुभवले. तेथे वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी उच्चारात जवळच्या दुसऱ्याच मुळीचा वापर झाला. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे त्यामुळे निकामी झाली. १९९३ मध्ये हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकातून उजेडात आला. 'चिनी जडीबुटी'च्या नावाने पाठवल्या जाणाऱ्या वेदनाशामक पुड्यांत स्टिरॉइड किंवा नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांची पूड मिसळल्याचेही अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. पुडी घेताच चमत्कारासारखे दुखणे थांबले, तर आनंदापेक्षा शंका अधिक यावी, ती याचमुळे. भारतीय औषध कायद्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. चिनी काढ्यांसाठी तसे नाही. त्यामुळे पुडीवर घटकांची नावे व उत्पादकाचा परवाना नसेल, तर ती घेऊ नये.

केव्हा थांबावे, केव्हा निघावे

मुका मार लागल्यानंतर डोक्याला इजा झाली असेल, उलटी वा गुंगी येत असेल, पायावर उभे राहता येत नसेल, अवयव घट्ट किंवा बधिर झाला असेल, एकच पोटरी सुजली असेल, दम लागत असेल, पोट दुखत असेल, मार न लागता डाग उठत असतील किंवा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर सहाण काढण्यापूर्वी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे श्रेयस्कर. वृद्ध व्यक्ती घसरून पडली आणि तिचा पाय बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घेऊन तिला न उठवता आडवेच न्यावे. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून चिपळूण तालुक्यात डेरवण येथे वालावलकर रुग्णालय आहे. वाडीपासून तेथवरचे अंतर मोठे असले, तरी ते कापण्याचा निर्णय लवकर होणे महत्त्वाचे.

या धोक्याच्या खुणांपैकी एकही नसेल, तर पहिले दोन दिवस गारवा आणि त्यानंतर कोमट आंबेहळद, हा क्रम निर्धोक आहे. सहाणेवरचा लेप आणि चिनी वैद्याची गुटी यांनी वेदनेचे कारण अडलेल्या वाटेत शोधले, ही त्यांची दृष्टी अभ्यासण्याजोगीच. पण वाट कुठे अडली आहे, हे डोळ्यांना कातडीवरून दिसत नाही. ते ठरवण्यासाठी तपासणी लागते. आजीच्या निदानातला 'मुका' हा शब्द त्या दृष्टीने फार नेमका आहे : हा मार स्वतः काही बोलत नाही, त्याच्या खुणा आपणच ओळखाव्या लागतात.